घटक ६ : पर्यटनकराचा विनियोग आणि स्थानिक वाद

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर कर आणि शुल्क यांतील भेद आपल्याला उदाहरणांसह स्पष्ट करता यावा. एखाद्या स्थानिक वादात प्रत्येक पक्ष काय बोलतो आणि त्याच्या बोलण्यामागे खरा प्रश्न कोणता आहे, हे आपल्याला वेगळे काढता यावे. तसेच आपल्या परिसरातील अशा एखाद्या वादावर पुराव्याच्या आधाराने वैचारिक टिपण लिहिता यावे, अशी अपेक्षा आहे. वैचारिक गद्याचे स्वरूप आपण मागील घटकात पाहिले. येथे त्या गद्यासाठी लागणारा कच्चा माल कसा तपासावा याचा सराव करावयाचा आहे, आणि त्यासाठी विषय मुद्दाम व्यवहारातला घेतला आहे.

६.२ प्रास्ताविक

माथेरानला जाणाऱ्यास आपले वाहन दस्तुरी नाक्यावर सोडावे लागते. पुढची वाट पायी किंवा घोड्यावरून, नाहीतर अमन लॉजपासून छोट्या गाडीने. गावात शिरण्यापूर्वी नगरपरिषदेचा प्रवासी कर भरून पावती घ्यावी लागते. रक्कम फार मोठी नसते. पावती घडी होऊन खिशात जाते आणि दोन दिवसांनी परतताना तिची आठवणही राहिलेली नसते. ज्याने कर भरला तो या पैशाचे पुढे काय झाले हे विचारायला पुन्हा येत नाही.

या साध्या प्रसंगात पर्यटनकराचे वैशिष्ट्य दडलेले आहे. घरपट्टी भरणारा मनुष्य त्याच गावचा मतदार असतो. रस्ता उखडला की तो नगरसेवकाच्या दारात उभा राहतो. प्रवासी कराची गोष्ट निराळी. येथे कर भरणारा मतदार नसतो आणि मतदार असलेल्याने कर भरलेला नसतो. लोकप्रतिनिधींच्या दृष्टीने असा पैसा फार सोयीचा असतो, कारण तो मिळवताना कोणाची नाराजी पत्करावी लागत नाही. मात्र तो खर्च करताना गावातले सगळेच हक्क सांगू लागतात. हॉटेलमालक म्हणतो, माझ्या पाहुण्याने दिला. रहिवासी म्हणतो, त्या पाहुण्याचा कचरा माझ्या दारापुढे पडतो. घोडेवाला, हमाल, दुकानदार या प्रत्येकाचे कारण वेगळे असते. पैसा कोणाचा आणि म्हणून खर्च कोणासाठी, हा वाद जवळजवळ प्रत्येक पर्यटनस्थळी उभा राहतो तो यामुळे.

६.३ कर आणि शुल्क : शब्दांचा नेमका अर्थ

बोलीभाषेत आपण कर, पट्टी, शुल्क, फी हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरतो. कायद्याच्या भाषेत मात्र कर आणि शुल्क यांत अंतर आहे. शिरूर मठ या नावाने प्रसिद्ध असलेल्या १९५४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ते अंतर स्पष्ट केले. कर म्हणजे सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीने घेतलेली रक्कम. ती देणाऱ्याला तिच्या बदल्यात विशिष्ट सेवा मिळालीच पाहिजे असे नाही. शुल्क हे एखाद्या सेवेच्या किंवा विशेष लाभाच्या संदर्भात घेतले जाते, म्हणून घेतलेली रक्कम आणि दिलेली सेवा यांत काही नाते असावे लागते. हे नाते पैशापैशाचा ताळा जुळण्याइतके काटेकोर नसले तरी चालते, अशी भूमिका न्यायालयाने पुढील काळात घेतली. मूळ भेद मात्र टिकून आहे.

या दोहोंच्या मधला एक प्रकार आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. त्याला आपण हेतुबद्ध कर म्हणू. तो वसूल होतो करासारखा, पण त्याचा पैसा अमुक कामासाठीच वापरला जाईल असे आश्वासन कायद्यात किंवा ठरावात दिलेले असते. बहुतेक पर्यटनकर याच जातीचे असतात, आणि वाद पेटतो तो या आश्वासनावरून. ‘पर्यावरण’, ‘विकास’, ‘सुविधा’ हे शब्द ठरावात लिहिताना सर्वांना मान्य होतात. प्रत्यक्ष बिल निघते तेव्हा गटाराचे काम पर्यावरणात धरायचे की सुविधेत, असा प्रश्न उपस्थित होतो.

आपली प्रगती तपासा – १
आपल्या गावात किंवा शहरात आपण भरत असलेल्या कोणत्याही तीन रकमा घ्या. त्यांना कर म्हणावे, शुल्क म्हणावे की हेतुबद्ध कर, ते कारणांसह लिहा. (पावतीवर छापलेल्या नावावर विसंबू नका.)

६.४ यात्राकर : एक जुना दाखला

हा वाद आधुनिक पर्यटनाबरोबर जन्मला असे समजण्याचे कारण नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८०३ मध्ये ओरिसाचा मुलूख घेतला आणि पुरीच्या जगन्नाथाच्या यात्रेकरूंवरील कर १८०६ च्या विनियमाने आपल्या पद्धतीने बसवला. यात्रेकरूंचे वर्ग पाडले होते. ‘लाल जत्री’ या वरच्या वर्गातील यात्रेकरू उत्तरेकडून आला तर दहा रुपये आणि दक्षिणेकडून आला तर सहा रुपये देत असे. खालच्या वर्गांना दर कमी होता आणि अगदी निर्धनांना सूट होती. प्रयागच्या संगमावर आणि गयेलाही असाच कर होता.

या कराला सर्वांत मोठा विरोध यात्रेकरूंकडून झाला नाही, तो इंग्लंडमधील मिशनरी मंडळींकडून झाला. सरकार या पैशातून देवस्थानाचा खर्च चालवते, म्हणजे मूर्तिपूजेला हातभार लावते, असा त्यांचा आक्षेप होता. उलट बाजूने असे म्हणता येत होते की खर्च वजा जाता उरलेली रक्कम सरकारच्या तिजोरीत जाते, म्हणजे सरकार श्रद्धेवर नफा कमावते. दोन्ही आक्षेप एकाच हिशेबाच्या दोन टोकांना धरून होते. एकाला झालेला खर्च खुपत होता, दुसऱ्याला न झालेला. १८४० च्या दहाव्या अधिनियमाने पुरी, गया आणि प्रयाग येथील कर रद्द झाला.

पण कर गेला म्हणून गर्दी गेली नाही. रस्ते, पाणी, पटकीचा फैलाव हे प्रश्न तसेच उरले आणि त्यांच्यासाठी पैसा लागतच होता. म्हणून पुढे १८७१ मध्ये पुरीसाठी यात्रेकरूंच्या निवासगृहांचा कायदा आला. निवासगृहांना परवाने द्यावेत आणि त्या परवान्यांच्या पैशातून आरोग्यव्यवस्था पाहावी, अशी त्याची योजना होती. कराची जागा यात्रेकरूच्या अंगावरून त्याच्या मुक्कामाच्या घरावर सरकली, इतकेच. आज जगभर हॉटेलच्या मुक्कामावर जो कर लागतो त्याची रीत फारशी वेगळी नाही.

स्वतंत्र भारताच्या संविधानात या जुन्या वादाचा एक धागा सापडतो. ज्या कराचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी खास राखून ठेवलेले आहे, तो कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, असे अनुच्छेद २७ सांगतो. कर घेण्याच्या अधिकाराइतकेच खर्चाच्या प्रयोजनालाही महत्त्व असते, हे येथे मूलभूत हक्कांच्या प्रकरणात नोंदले गेले आहे. दुसरीकडे १९५६ च्या अधिनियमाने तीर्थक्षेत्री किंवा जत्रेच्या ठिकाणी रेल्वेने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांवर सीमांत कर बसवण्याची मुभा ठेवली. देवदर्शनासाठी कर नाही, पण गर्दीच्या सोयीसाठी चालेल, अशी ही वाटणी आहे.

६.५ बालेआरिक बेटे : एका कराचे दोन जन्म

आता आपण या घटकातील मुख्य उदाहरणाकडे वळू. भूमध्य समुद्रात स्पेनच्या पूर्वेस मायोर्का, मेनोर्का, इबिझा आणि फोर्मेन्तेरा ही बेटे आहेत. बारा लाखांच्या आसपास लोकवस्तीच्या या बेटांवर २०२३ या एका वर्षात पावणेदोन कोटींहून अधिक पर्यटक आले. येथील माणूस पर्यटनावर जगतो आणि पर्यटनाने गांजतोही.

१९९९ मध्ये फ्रान्सेस्क आंतिक यांच्या नेतृत्वाखाली डाव्या पक्षांचे आघाडी सरकार तेथे आले. त्याने २००१ मध्ये पर्यटकांच्या मुक्कामावर कर बसवणारा कायदा केला आणि १ मे २००२ पासून वसुली सुरू झाली. दर सरासरीने एका रात्रीला एक युरो. लोकांनी त्याला ‘एकोतासा’ हे नाव दिले. भाषेच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. स्पॅनिश कायद्यात ‘तासा’ म्हणजे शुल्क आणि ‘इम्पुएस्तो’ म्हणजे कर. कायद्याने बसवला होता तो इम्पुएस्तो, लोकांच्या तोंडी रुळली ती तासा. म्हणजे लोकांनी नाव ठेवतानाच एक अपेक्षा व्यक्त केली होती, की पैसा घेता आहात तर त्याच्या बदल्यात पर्यावरणाचे काहीतरी दिसले पाहिजे. काही ठिकाणी ते दिसलेही. मायोर्काच्या उत्तर किनाऱ्यावरील सोन रेआल ही मोठी शेतजमीन या पैशातून सार्वजनिक मालकीची झाली. प्राचीन दफनभूमी जवळ असलेला तो किनारा त्यामुळे बांधकामापासून वाचला.

तरीही कर टिकला नाही. हॉटेलमालकांचा विरोध तीव्र होता, आणि त्यांच्या एका मुद्द्यात तथ्य होते. कर नोंदणीकृत निवासस्थानांवर होता. उन्हाळ्यात भाड्याने जाणारी असंख्य खाजगी घरे त्यातून सुटत होती. २००३ च्या निवडणुकीत सरकार बदलले आणि नव्या सरकारने त्याच वर्षी कर रद्द केला. दीड वर्षाच्या आतबाहेरचे हे आयुष्य. एवढ्या काळात झाडसुद्धा धड रुजत नाही, मग पर्यावरणाचे फळ कोठून दिसणार? कर चांगला होता की वाईट, हे ठरवण्याइतका अवधीच त्याला मिळाला नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरा जन्म २०१६ चा. फ्रान्सिना आर्मेंगोल यांच्या सरकारने १ जुलै २०१६ पासून ‘शाश्वत पर्यटन कर’ सुरू केला. आधीच्या चुका लक्षात ठेवून त्याची व्याप्ती वाढवली. भाड्याची सुट्टीची घरे आणि क्रूझ जहाजांवरील प्रवासीही त्यात आले. हॉटेलच्या दर्जानुसार दर ठरले. आरंभी एका रात्रीला कमाल दोन युरो होते, ते २०१८ पासून चार युरो झाले. हिवाळी मोसमात मोठी सवलत देण्यात आली, म्हणजे उन्हाळ्याची गर्दी थोडी तरी विखुरावी. बेटांवरचाच रहिवासी हॉटेलात उतरला तर त्यालाही कर द्यावा लागतो, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पैसा कोठे खर्चावा हे सुचवण्यासाठी सरकार, बेटांच्या परिषदा, नगरपालिका, व्यावसायिक, कामगार संघटना आणि पर्यावरणवादी यांचे प्रतिनिधी असलेला आयोग नेमला गेला.

वाद मिटावा म्हणून आयोग नेमला, आणि वादाला हक्काची जागा मिळाली. कायद्यातील प्रयोजनांत निसर्गाचे रक्षण, शेतीचा परिसर, ऐतिहासिक वारसा, संशोधन, बिगरमोसमातील रोजगार व प्रशिक्षण हे सारे होते. पाण्याच्या व्यवस्थेला आरंभी अग्रक्रम होता. पुढे त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचीही भर पडली. हॉटेलमालक म्हणू लागले की सांडपाणी शुद्ध करणे, जलवाहिन्या टाकणे, घरे बांधणे ही सरकारची नित्याची कामे आहेत. त्यासाठी नागरिक इतर कर भरतातच. पर्यटकाचा पैसा पर्यटनस्थळ सुधारण्यासाठी घेतला आणि तो सर्वसाधारण अंदाजपत्रकातील भोके बुजवायला वापरला, असा त्यांचा आरोप होता.

सरकारच्या बाजूचा युक्तिवाद तितकाच विचारात घेण्यासारखा आहे. एखाद्या गावाची वस्ती दहा हजार आणि ऑगस्टमध्ये तेथे चाळीस हजार माणसे, असे समजा. सांडपाण्याचे केंद्र तर चाळीस हजारांचेच बांधावे लागेल. भूमध्य हवामानात पाऊस हिवाळ्याकडे पडतो आणि पाण्याची मागणी भर उन्हाळ्यात टिपेला जाते. वर्षातले काही महिनेच पूर्ण क्षमतेने चालणाऱ्या यंत्रणेचा वाढीव भार रहिवाशाने का सोसावा? घरांचेही तसेच. मोसमात हॉटेलांत काम करणाऱ्या माणसाला इबिझात परवडणारी खोली मिळत नाही. गाडीत किंवा तंबूत राहून कामावर जाणाऱ्यांची वर्णने तेथील वृत्तपत्रांत वारंवार येतात. खोल्या महागल्या त्या पर्यटकांना भाड्याने दिल्या जातात म्हणून. मग पर्यटकाच्या पैशातून कामगाराचे घर बांधणे हा हेतूचा भंग म्हणायचा की हेतूची पूर्तता?

पाण्याच्या बाबतीत सरकारचे म्हणणे आपल्याला अधिक पटण्याजोगे वाटते. घरांच्या बाबतीत मात्र हॉटेलमालकांच्या शंकेला जागा आहे. घरांचा प्रश्न इतका मोठा आहे की करातून येणारी रक्कम त्यात विरून जाते, आणि काम कोणत्या पैशातून झाले हे दाखवणे कोणालाच शक्य होत नाही. २०२४ च्या मे आणि जुलै महिन्यांत पाल्मा शहरात अतिपर्यटनाविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा घर हाच त्यांच्या तक्रारीचा गाभा होता. कर आठ वर्षे चालू होता आणि तरीही ही वेळ आली. याचा अर्थ कर फसला असा काढणे घाईचे ठरेल. पण करामुळे गर्दीचा प्रश्न सुटतो, हा समज त्यानंतर कोणी बाळगू नये.

६.६ वाढीव खर्च आणि बदली खर्च

बालेआरिक वादाच्या मुळाशी एक हिशेबी प्रश्न आहे. तो एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. समजा, एका गिरिस्थान नगरपरिषदेचा घनकचऱ्यावरील वार्षिक खर्च ४० लाख रुपये आहे. प्रवासी करातून २५ लाख येऊ लागले आणि ते स्वच्छतेसाठी राखून ठेवल्याचा ठराव झाला. पुढील वर्षी स्वच्छतेवरील एकूण खर्च ६५ लाख झाला, तर कराचा सगळा पैसा वाढीव ठरला. पण खर्च ४० लाखच राहिला आणि त्यातील २५ लाख करातून दाखवले, तर सर्वसाधारण निधीतील २५ लाख मोकळे झाले. ते कदाचित शाळेच्या दुरुस्तीला गेले असतील, कदाचित सभागृहाच्या सजावटीला. कागदावर ठरावाचा भंग झालेला नाही. कराचा प्रत्येक रुपया स्वच्छतेवरच खर्च झाला आहे. गावाच्या स्वच्छतेत मात्र काडीचाही फरक पडलेला नाही.

म्हणून ‘कराचा पैसा कोठे खर्च झाला?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कर नसता तर या कामावर किती खर्च झाला असता?’ हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर एका वर्षाच्या जमाखर्चातून मिळत नाही. किमान कर लागू होण्याच्या आधीची दोन-तीन वर्षे आणि नंतरची तितकीच वर्षे शेजारी ठेवून पाहावी लागतात.

दुसरी गुंतागुंत व्हेनिसने दाखवली. तेथे मुक्कामी पर्यटकांवर आधीपासून कर होता. २५ एप्रिल २०२४ पासून निवडक २९ दिवशी एका दिवसापुरते येणाऱ्यांकडूनही पाच युरो प्रवेशशुल्क घेण्यात आले. सुमारे २४ लाख युरो जमा झाले. यंत्रणा उभी करण्यासच याहून अधिक खर्च झाला, असा आरोप विरोधी नगरसेवकांनी केला. पहिल्याच दिवशी रहिवाशांनी निदर्शने केली, कारण ज्या जुन्या शहराची वस्ती पन्नास हजारांच्याही खाली आली आहे त्याला तिकीट लावणे म्हणजे शहराचे प्रदर्शन करणे, असे त्यांना वाटले. येथे हेतूंचाच परस्परांशी विरोध आहे. गर्दी कमी करण्यासाठी शुल्क असेल तर ते यशस्वी होताच उत्पन्न घटते. उत्पन्नासाठी असेल तर गर्दी हवीच. भूतानने सप्टेंबर २०२२ मध्ये परदेशी पर्यटकासाठी दर रात्रीचे शुल्क २०० डॉलर केले आणि वर्षभरातच ते १०० डॉलरवर आणले, यामागेही हाच ताण होता.

६.७ पुन्हा नाक्यावर

माथेरानचे क्षेत्र २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. तेथील रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसवावेत की नाही, हातरिक्षांऐवजी ई-रिक्षा आणाव्यात की नाही, यावर अश्वपालक, हातरिक्षाचालक, रहिवासी व व्यावसायिक यांच्यात दीर्घ काळ मतभेद राहिले आणि ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षाची प्रथा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. हा वाद प्रवासी कराचा नव्हे. पण रस्त्यावर काय घालावे हा प्रश्न तांत्रिक दिसत असला तरी प्रत्येक उत्तरामागे कोणाचे तरी पोट आहे, हे त्यातून दिसते. तांबड्या मातीची वाट घोड्याच्या टापेला सोयीची, पेव्हर ब्लॉक रिक्षाच्या चाकाला. पर्यटनाच्या नावाने खर्च करताना कोणत्या पर्यटनाच्या, हे विचारावेच लागते.

अशा वादावर लिहू इच्छिणाऱ्याने आधी कागद मिळवावेत. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक हा सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्यात प्रवासी कर कोणत्या लेखाशीर्षाखाली जमा दाखवला आहे, त्याचा खर्च स्वतंत्र दाखवला आहे की सर्वसाधारण निधीत मिसळला आहे, हे प्रथम पाहावे. वसुली ठेक्याने दिलेली असल्यास ठेक्याची रक्कम आणि छापलेल्या पावत्यांची संख्या यांचा मेळ घालता येतो. कागद सहज मिळाले नाहीत तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ अन्वये दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. अर्जात ‘पर्यटनकराचा सर्व हिशेब द्यावा’ असे मोघम लिहू नये. वर्ष, लेखाशीर्ष, ठराव क्रमांक नेमका लिहावा. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळते, आणि ते नियमाला धरूनही असते.

त्यानंतर माणसांकडे जावे. हॉटेलमालकाला, सफाई कामगाराला आणि नाक्यावर पावती फाडणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा. हा पैसा कोणाचा, असे तुम्हाला वाटते? उत्तरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. त्यांतील कोणते उत्तर कागदाशी जुळते हे नंतर ठरवावे.

आपली प्रगती तपासा – २
बालेआरिक बेटांवरील हॉटेलमालक आणि सरकार यांचे म्हणणे प्रत्येकी पाच ओळींत लिहा. आपल्याला न पटणाऱ्या पक्षाचे म्हणणे आधी लिहा.

६.८ स्वाध्याय

(अ) ‘करदाता आणि मतदार वेगळे असले की खर्चावरचे नियंत्रण सैल पडते.’ हे विधान यात्राकर व पर्यटनकर यांच्या आधारे सुमारे तीनशे शब्दांत तपासा.

(आ) कलम ६.६ मधील काल्पनिक नगरपरिषदेचा स्वच्छतेवरील खर्च पुढील वर्षी ५० लाख झाला असे समजा. करातील किती रक्कम वाढीव ठरली आणि किती बदली, ते सांगा. मोकळ्या झालेल्या रकमेचा माग काढण्यासाठी कोणते कागद पाहाल, तेही लिहा.

(इ) आपल्या जवळच्या गिरिस्थानी, तीर्थक्षेत्री किंवा किनाऱ्यावरील गावी घेतल्या जाणाऱ्या एका कराची पावती मिळवा. तिच्यावर काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही याची नोंद करा, आणि त्या आधारे मुख्याधिकाऱ्यांस अथवा ग्रामसेवकास उद्देशून माहितीचा एक नेमका अर्ज तयार करा. अभ्यासकेंद्राच्या पुढील संपर्कसत्रात तो सोबत आणावा.